दांडी पाहून दागिना

कानातलं विकत घेताना आपण खडा पाहतो, घडण पाहतो, कानाला धरून आरशात पाहतो आणि भाव विचारतो. ते उलटं करून मागची दांडी क्वचितच कोणी निरखतं. कानाच्या दृष्टीने मात्र खरा दागिना ती दांडीच असते. मोती, खडा, मीनाकाम हे सगळं कातडीच्या बाहेर राहतं. दांडीचा मधला जेमतेम अर्धा सेंटिमीटर भाग दिवसरात्र शरीराच्या आत असतो, घामात आणि लशीत भिजत असतो. कान खाजतो, चिघळतो, ओघळतो तो बहुतेक वेळा याच अर्ध्या सेंटिमीटरमुळे. तो कोणत्या धातूचा असावा, किती जाड, किती लांब, किती गुळगुळीत असावा आणि दुकानात उभं असताना हे ओळखायचं कसं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे. नाक, बेंबी, भुवई असं काहीही टोचून घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आपल्याकडे बाळाचे कान बारशाच्या दिवशी किंवा पहिल्या वर्षभरात टोचतात, आणि टोचायला सोनार येतो. त्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. त्याच्याजवळ सोन्याची बारीक तार असते. तिचं एक टोक त्याने कानशीने घासून अणकुचीदार केलेलं असतं. बाळाला मामाच्या नाहीतर आजीच्या मांडीवर धरतात. सोनार दोन्ही पाळ्यांवर ठिपके देतो, समोरून एकदा उंची जुळते का ते पाहतो आणि तार पाळीतून एका दमात पार करतो. मग चिमट्याने टोक वळवून कडी मिटवतो. बाळाचा टाहो फुटेपर्यंत काम झालेलं असतं. सुई वेगळी आणि दागिना वेगळा असं इथे नसतंच. टोचते तीच तार कानात बाळी होऊन राहते.

या साध्या तारेत पुष्कळ शहाणपण आहे. सोनं उंची असतं, त्यामुळे त्रास देणाऱ्या धातूंची भेसळ नसते. तार गोल आणि सरळसोट असते, तिच्यावर आटे नसतात. मागे चपटी फिरकी नसल्यामुळे पाळी सुजली तरी तिला फुगायला जागा मिळते, आणि लस आत कोंडून राहत नाही. उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. डबीतून काढलेली तार फार तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली असते, आणि पुसल्याने वस्तू निर्जंतुक होत नाही. दुसरी उणीव सांध्याची. कडीची दोन टोकं जिथे भेटतात तिथे अणी उघडी राहते. बाळी फिरली की तो सांधा भोकात शिरतो आणि आतली ओली कातडी खरवडतो.

त्यातून घरात कोणीतरी सांगतंच, ‘भोक बुजेल गं, बाळी रोज फिरवत जा.’ हा सल्ला अगदी मायेने दिलेला असतो आणि तो चुकीचा आहे. टोचल्यानंतर भोकाच्या आत नवी कातडी धरू लागते. बाळी फिरवली की ती प्रत्येक फेऱ्याला फाटते, आणि दांडीवर सुकलेली खपली आत ओढली जाते. बाळी जागेवर असेपर्यंत भोक बुजत नाही. तिला हात लावू नये, दिवसातून एक-दोनदा निर्जंतुक सलाइनने खपली भिजवून काढावी आणि जागा कोरडी करावी. हळद आणि खोबरेल तेलाचा लेप ताज्या जखमेवर थापला तर त्याचा थर साचतो आणि लस आत अडकते, म्हणून तोही मी टाळायला सांगेन.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय याच विषयावर आहे: कान कसा टोचायचा आणि फाटलेली पाळी कशी जोडायची. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की पाळी उन्हात ओढून धरावी, प्रकाशात जिथे नैसर्गिक छिद्र दिसतं तिथे सुईने सरळ टोचावं, पाळी जाड असेल तर आरीने. मग तेलात भिजवलेली कापसाची वात घालावी आणि दर तीन दिवसांनी ती थोडी थोडी जाड करत न्यावी, असं तिथे सांगितलं आहे. भलत्या जागी टोचलं तर कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या शिरांना इजा होऊन कोणते त्रास होतात, त्याची यादीही आहे. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं निदान. कान सुजून ठणकू लागला तर त्याची कारणं देताना ग्रंथ सदोष, वाकड्या सुईकडे आणि प्रमाणाबाहेर जाड वातीकडे बोट दाखवतो. आत काय घातलं आणि ते कसं होतं, हे तो आधी तपासतो. आपण मात्र ‘हिची कातडीच मेली नाजूक, हिला सोन्याशिवाय काही चालत नाही’ असं म्हणून मोकळे होतो, आणि त्या मुलीलाही आपल्याच कातडीत काही खोट आहे असं वाटत राहतं.

‘काही चालत नाही’च्या मुळाशी बहुतेक वेळा निकेल असतं. हा धातू स्वस्त, टणक आणि पांढरा. मिश्रधातूला बळकटी देतो, मुलाम्याखाली चकचकीत थर देतो, म्हणून हलक्या दागिन्यांत तो सर्रास वापरला जातो. घामातल्या क्षारांनी तो अगदी सूक्ष्म प्रमाणात विरघळतो आणि त्याचे आयन कातडीत उतरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा हे जोड परकं म्हणून ओळखायला शिकते. शिकत असताना बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. एकदा ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. मग निकेल लागलं की दोन-तीन दिवसांत खाज, लाली, पुरळ आणि पाणी. एरवी कातडीचा वरचा मृत थर थोडीफार राखण करतो. टोचलेल्या ओल्या भोकात ती राखण नसते, म्हणूनच पहिलं कानातलं निवडताना तडजोड करू नये. पुढे कधीही हौसेचं स्वस्त कानातलं घालता येईल की नाही, हे पुष्कळदा त्या पहिल्या दांडीवर ठरतं.

आपल्याला निकेल चालत नाही हे ओळखण्याची एक घरगुती खूण आहे. जीन्सचं धातूचं बटण पोटाला जिथे टेकतं तिथे, किंवा घड्याळाच्या पट्ट्याच्या बकलाखाली खाजरे चट्टे उठत असतील, तर निकेल चालत नाही असं धरून चालावं आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.

युरोपात ही गोष्ट कायद्यापर्यंत गेली. डेन्मार्कने १९९०च्या सुमारास निकेल सोडणाऱ्या वस्तूंवर बंधन घातलं. त्यानंतर कान टोचलेल्या डॅनिश शाळकरी मुलींमध्ये निकेलची अ‍ॅलर्जी आधीच्या मुलींपेक्षा बरीच कमी आढळली. १९९४मध्ये युरोपीय संघाने निकेलविषयी निर्देश काढला. आज तिथला नियम असा की टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटलं पाहिजे. नुसत्या कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूंसाठी ही मर्यादा ०.५ आहे. म्हणजे दर्शनी भागाला एक माप आणि दांडीला त्याहून कडक माप. धातूत निकेल किती आहे हे ही चाचणी मोजत नाही. वस्तू कृत्रिम घामात आठवडाभर बुडवून ठेवतात आणि त्या घामात किती निकेल उतरलं ते मोजतात.

‘किती आहे’ आणि ‘किती सुटतं’ हा फरक समजला की स्टीलचं कोडं उलगडतं. ‘सर्जिकल स्टील’ म्हणून विकलं जाणारं ३१६एल हे पोलाद घ्या. त्यात १० ते १४ टक्के निकेल असतं. तरीही ते बऱ्याच लोकांना सोसतं, कारण त्यातलं क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर धरतं आणि निकेल आत बांधलेलं राहतं. डायमिथाइलग्लायॉक्सिमच्या चाचणीत हे डोळ्यांनी दिसतं. कापसाच्या बोळ्यावर या रसायनाचे आणि अमोनियाच्या द्रावणाचे थेंब घेऊन धातूवर अर्धा मिनिट घासायचं. निकेल सुटत असेल तर बोळा गुलाबी होतो. चांगल्या ३१६एलच्या दांडीवर बोळा पांढराच राहतो. ‘जर्मन सिल्व्हर’च्या झुमक्यावर तो बघता बघता गुलाबी होतो. निकेल चाचणीच्या तयार किटमध्ये हेच असतं. बोळा पांढरा राहिला म्हणजे धातू पूर्ण निर्दोष, असं मात्र समजू नये. ही ढोबळ चाचणी आहे आणि कोरड्या धातूवर केलेली आहे. दांडी महिनोन्‌महिने ओल्या जखमेत राहणार असते.

काही जण लोहचुंबक लावून पाहतात. त्याचा उपयोग फार थोडा. ३१६एल चुंबकाला चिकटत नाही, तसं पितळ आणि तांबंही चिकटत नाही. चिकटलं तर वस्तू बाजूला ठेवावी हे खरं, पण चिकटलं नाही म्हणून ती चांगली ठरत नाही.

‘सर्जिकल स्टील’ हे शब्द कोणत्याही एका प्रमाणित प्रतीचे नाहीत. शरीराच्या आत बसवण्यासाठी तयार केलेल्या पोलादाला एएसटीएम एफ-१३८ किंवा आयएसओ ५८३२-१ असं मानक असतं. विचारायचं ते हे मानक. ज्याला निकेलचा त्रास आहे हे आधीच माहीत आहे, त्याने मात्र याही पोलादाच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी टायटॅनियम.

टायटॅनियमविषयी मी मोकळेपणाने चांगलं बोलेन. मोडलेल्या हाडात घालतात त्या रॉड आणि पट्ट्या ज्या मिश्रधातूच्या असतात, त्याच मिश्रधातूची कानातली आता मिळतात. त्यात साधारण ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, निकेल घातलेलं नसतं. मानक एएसटीएम एफ-१३६ किंवा आयएसओ ५८३२-३. शुद्ध टायटॅनियमसाठी एफ-६७ हे मानक आहे. हा धातू पोलादाच्या साधारण निम्म्या वजनाचा, आणि हवा लागताच स्वतःवर ऑक्साइडचा थर धरणारा. निळ्या, जांभळ्या, सोनेरी रंगाची टायटॅनियमची कानातली पाहून पुष्कळांना वाटतं की वर रंग दिला आहे आणि तो उतरेल. तसं नसतं. धातू द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडतात. व्होल्टेज जितकं जास्त तितका ऑक्साइडचा थर जाड होतो, आणि त्या थरावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून रंग दिसतो. हा थर टायटॅनियमचाच असल्यामुळे तो शरीराला चालतो. नायोबियमलाही असेच रंग चढतात आणि तोही चालतो. पारखून घ्यायचं ते एवढंच की वस्तू सबंध टायटॅनियमची आहे, की स्टीलवर नुसता टायटॅनियमचा मुलामा आहे. चांगल्या स्टुडिओकडे धातूच्या घाणीचं, म्हणजे त्या त्या वितळणीचं, मिल सर्टिफिकेट असतं आणि त्यावर मानकाचा क्रमांक छापलेला असतो. ते मागण्यात संकोच वाटून घेऊ नये. ज्यांच्याकडे ते असतं त्यांना ते दाखवायला आवडतं.

आता सोन्याकडे येऊ, कारण आपल्या घरांतला पहिला आणि शेवटचा विश्वास त्यावरच असतो. तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं. उरलेलं मुख्यतः तांबं आणि चांदी. निकेलचा प्रश्न तिथे सहसा येत नाही. प्रश्न येतो मऊपणाचा. २२ कॅरेटची दांडी लवकर वाकते, तिच्यावर ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा ओल्या जखमेत कानशीचं काम करतो. म्हणून नवीन भोकासाठी १४ ते १८ कॅरेटचं, निकेल आणि कॅडमियम नसलेलं सोनं अधिक बरं. भोक नीट भरून आल्यावर आजीच्या २२ कॅरेटच्या कुड्या घालायला हरकत नाही.

‘व्हाइट गोल्ड’ घेताना मात्र थांबून विचारावं. सोन्याला पांढरं करायला निकेल किंवा पॅलेडियम मिसळतात. पॅलेडियमचं महाग पडतं, निकेलचं स्वस्त. दोन्हींवर ऱ्होडियमचा चकाकता मुलामा दिला की ती सारखीच दिसतात. मुलामा वर्षा-दोन वर्षांत झिजतो आणि मग खालचं काय आहे ते कानाला कळतं.

हॉलमार्कच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. १६ जून २०२१पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकून दागिन्याची माहिती पाहता येते. पण दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. नाकातली चमकी, मोरणी, बाळाची बाळी, लहान टॉप्स हे सगळे बहुधा दोन ग्रॅमच्या आतलेच. म्हणजे जे सोनं सर्वांत कोवळ्या कानात जातं आणि ओल्या जखमेत बसतं, नेमक्या त्याच सोन्यावर खूण असण्याची सक्ती नाही. म्हणून अशा वेळी ओळखीचा, पिढीजात व्यवहाराचा सोनार गाठावा, पावतीवर कॅरेट लिहून घ्यावं आणि शक्य असेल तिथे कॅरेटमीटरवर तपासून घ्यावं. मोठ्या पेढ्यांवर ही यंत्रं असतात आणि तपासायला काही मिनिटं लागतात.

अजूनही काही लोक ‘केडीएमचं सोनं द्या’ म्हणून मागतात, जणू ती शुद्धतेची खूण आहे. केडीएम म्हणजे कॅडमियमच्या डाकाने जोडलेला दागिना. या डाकामुळे दागिन्यात सोन्याचा अंश टिकून राहत असे, म्हणून एके काळी त्याला मान होता. पण कॅडमियम विषारी आहे, आणि डाक लावताना उठणारी त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत जाते. भट्टीजवळ बसणाऱ्या माणसासाठी तरी ही मागणी आता सोडून द्यायला हवी.

‘एक ग्रॅम सोन्याचे’ दागिने म्हणजे पितळ किंवा तांब्यावरचा सोन्याचा पातळ मुलामा. गळ्यात, हातात हौस म्हणून ते छानच दिसतात. दांडीवरचा मुलामा मात्र कानात जाता-येता घासून सर्वांत आधी उडतो. ‘जर्मन सिल्व्हर’ किंवा ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून मिळणाऱ्या झुमक्यांचंही तसंच. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण असतं. अस्सल चांदी बरी, पण ताज्या भोकात तीही नको. ती हवेतल्या गंधकाने काळवंडते, आणि तिचे कण कातडीत उतरून कायमचा निळसर-काळा डाग राहिल्याचं आढळलेलं आहे. चांदीचे झुमके फारच आवडत असतील तर सोनाराकडून त्यांना सोन्याची आकडी बसवून घ्यावी. दांडीला नेलपॉलिश लावून घालण्याची युक्ती मुली एकमेकींना सांगतात; तो लेप काही तासांतच निघू लागतो आणि त्याचेच कपचे आत राहतात.

धातू उत्तम असला तरी घडण वाईट असेल तर कान दुखतोच. आपल्याकडच्या फिरकीच्या कानातल्यांत दांडीवरच आटे पाडलेले असतात. दांडी आत सरकवताना ते आटे भोकाच्या भिंतीवरून करवतीसारखे जातात, आणि नंतर त्यांच्या खाचांत मळ साठतो. भरलेल्या भोकाला हे सोसतं, नव्याला नाही. चांगल्या घडणीच्या दांडीत आटे आतल्या बाजूला असतात: दांडी पोकळ, बाहेरून काचेसारखी, आणि समोरचा खडा तिच्यात फिरवून बसवायचा. दुसऱ्या एका प्रकारात आटेच नसतात. खड्याची किंचित वाकवलेली पिन दांडीत दाबून बसवतात. सोनाराकडचं भिंग मागून घ्यावं आणि दांडी उजेडात धरून सावकाश फिरवावी. तिच्यावर उभ्या रेघा, टोकाला राहिलेली कोर, डाकाचा फुगवटा यांपैकी काहीही दिसलं तर ती परत करावी. नखाला जे जाणवतं ते कातडीला कितीतरी जास्त जाणवतं.

जाडीचा विचार तर कोणी करतच नाही. बारीक दांडीने दुखणार नाही असं वाटतं, पण वजन तेवढंच आणि तार बारीक असली की दोऱ्याने साबणाची वडी कापावी तशी ती हळूहळू पाळी कापत खाली सरकते. स्टुडिओत पाळीसाठी सहसा ०.८ ते १.२ मिलिमीटर जाडीच्या दांड्या वापरतात, बेंबीसाठी १.६ मिलिमीटरच्या. ओघळलेले कान आपण आज्यांच्या कानांत पाहिले आहेत. जुन्या बायका जड झुब्यांना वेल लावत आणि तो केसांत अडकवत, त्यामुळे अर्धं वजन डोक्यावर जाई. आज लग्नात घालायचे मोठे झुमके निवडताना वेलासकट निवडावेत. नुसता शोभेचा वेल आणि ताण घेणारा वेल यांत फरक आहे. अडकवल्यावर झुमका किंचित वर उचलला जायला हवा.

लांबीचं गणित थोडं उलट आहे. टोचल्यावर कातडी सुजते, म्हणून पहिली दांडी मुद्दाम लांब ठेवतात. सूज उतरली की चार ते आठ आठवड्यांत ती आखूड दांडीने बदलायची असते. ही दुसरी फेरी बहुतेक जण चुकवतात. मग लांब दांडी केसांत, ओढणीत, उशीत अडकते, भोक तिरकं होतं आणि कडेला गाठ धरते. आणि उलट, दांडी पहिल्यापासून आखूड असली तर सुजलेल्या पाळीत मागची फिरकी रुतून बसते. दाबून बसवायच्या फुलपाखरी फिरकीचे हे हाल नेहमी होतात; तिच्या वळ्यांत लस सुकून घट्ट होते. मागे सपाट, गुळगुळीत चकती असलेली दांडी सर्वांत सोयीची.

मॉलमधल्या आणि बाजारातल्या टोचायच्या बंदुकीत या सगळ्या चुका एकत्र येतात. तिच्यातली दांडी बोथट असते आणि स्प्रिंगच्या जोराने पाळीतून रेटली जाते. लांबी एकच, मागे फुलपाखरी फिरकी, आणि प्लॅस्टिकच्या अंगामुळे बहुतेक बंदुका ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाहीत. पाळीत हे कसंबसं निभावतं. कानाच्या वरच्या कुरकुरीत भागात, म्हणजे जिथे बुगडी किंवा भिकबाळी घालतात तिथे, बंदूक मुळीच नको. त्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती वरच्या पातळ आवरणावर जगते. ते आवरण ठेचलं गेलं आणि जंतू शिरले तर प्रतिजैविकं तिथे पोचायला कठीण जातं आणि कान आकार गमावतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात २०००मध्ये एका दुकानात कानाचा वरचा भाग टोचून घेतलेल्यांपैकी सात जणांना स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं. शोध घेतल्यावर तोच जंतू तिथल्या जंतुनाशकाच्या बाटलीत सापडला. ज्या बाटलीवर भरवसा ठेवून कान पुसले जात होते, तीच दूषित होती.

म्हणून स्टुडिओत गेल्यावर पहिला प्रश्न ऑटोक्लेव्हचा असावा. दाबाखालच्या वाफेत १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसला ठरावीक वेळ ठेवलेली, बंद पाकिटातली दांडी आणि एकदाच वापरायची सुई तुमच्या डोळ्यांसमोर उघडली गेली पाहिजे. पाकिटावर वाफ लागल्यावर रंग बदलणारी खूण असते, ती बघावी. मोती, पोवळं, अ‍ॅक्रिलिक या गोष्टी ही वाफ सोसत नाहीत, तेव्हा मोत्याची बुगडी ताज्या भोकात घालायचा हट्ट धरू नये. पाळीला भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, कूर्चेला सहा महिने ते वर्ष. दुखणं थांबलं म्हणजे भोक भरलं असं नव्हे. आधी दोन्ही तोंडं भरतात, मधला मार्ग शेवटी.

भोक लाल, गरम होऊन पू येऊ लागला, ताप आला, तर डॉक्टरांकडे जावं आणि दांडी काढायची की ठेवायची ते त्यांना ठरवू द्यावं. घाईने काढली तर तोंडं मिटतात आणि पू आत कोंडतो. ज्यांच्या घरात टाक्यांच्या, भाजल्याच्या जागी कातडी फुगून केलॉइड होण्याची प्रवृत्ती आहे, त्यांनी टोचण्याआधीच सल्ला घ्यावा. त्यावर कोणत्याही धातूचा इलाज नाही.

नाकाची गोष्ट थोडी वेगळी. चमकीची मागची तार सोनार आतून वळवतो, ते वळण मधल्या पडद्याला टोचणार नाही एवढं आखूड आणि टोक गोल घासलेलं हवं. फिरकीच्या चमकीत एक धोका आहे: आतली बारीक फिरकी सैल होऊन श्वासाबरोबर आत ओढली जाऊ शकते, आणि श्वासनलिकेतून अशा फिरक्या काढण्याची वेळ कान-नाक-घसा तज्ज्ञांवर येते. झोपण्यापूर्वी ती घट्ट आहे ना हे बोटाने पाहण्याची सवय असावी.

आणि लग्न ठरलं की पुष्कळ मुली नथीसाठी मुहूर्ताच्या महिनाभर आधी नाक टोचून घेतात. नाकपुडी भरून यायला चार ते सहा महिने लागतात. एवढ्या कच्च्या भोकात मोत्यांची वजनदार नथ, तिची जाड वळलेली तार आणि दिवसभराचा घाम, असं सगळं एकदम येतं. नाक टोचायचंच असेल तर लग्नाच्या निदान सहा महिने आधी टोचावं, तोवर टायटॅनियमची किंवा १८ कॅरेटची साधी चमकी ठेवावी. तेवढा वेळ हाताशी नसेल तर सोनाराकडून दाबाची नथ करून घ्यावी. तिच्या दाबाची पकड नाकाच्या जाडीप्रमाणे बसवून मिळते, फक्त ती बसवताना नवरीने स्वतः दुकानात जायला हवं.